आईची चूक

त्रैमासिकाच्या सुवर्णमहोत्सवी इतिहासाच्या प्रुफांतून संपादकांनी एक पान काढून बाजूला ठेवलं. "बाईंना जाऊन महिनाही झाला नाही, ताई. त्यांची चूक कशाला छापायची? लोक हसतील."

गणित शिक्षकांच्या या त्रैमासिकाची संपादक असताना आईने एकदा भूमितीची चुकीची सिद्धता छापली होती. परतूरच्या एका शिक्षिकेने ती साध्या पोस्टकार्डावर खोडून काढली. आईने पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर ते पोस्टकार्डच छापलं आणि खाली लिहिलं, 'चूक माझी.' तेव्हापासून गावोगावचे शिक्षक फळ्यावर झालेल्या आपल्या चुका बिनदिक्कत कळवू लागले. त्या पत्रांवरच हे त्रैमासिक जगलं.

"तुम्ही श्रद्धांजलीत लिहिलंय, बाई कधी चुकल्या नाहीत," मी म्हणाले. "ते वाक्य काढा. हे पान राहू द्या."

"अहो, तुम्ही त्यांची मुलगी ना?"

"म्हणूनच सांगतेय."

त्यांनी नाइलाजाने पान ओढलं. पेन्सिल टेकवत त्यावरची आईची ती सिद्धता ओळीओळीने वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून.

"यात तर सगळं बरोबर आहे," ते पुटपुटले.

"आईलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणाले. "छापा."