ड्रॅगन अजून जिवंत आहे

"जावईबापू, आलं का तुमचं ते पुस्तक?" चहाचा कप आदळत आईने विचारलं.

जादूच्या राज्यात घडणाऱ्या, फासे टाकून खेळायच्या त्या खेळात आई तलवारबाज होती आणि माझा नवरा गोष्ट रचणारा. त्याने तिला ड्रॅगनच्या गुहेच्या तोंडाशी आणून उभं केलं होतं. शेवटची लढाई मात्र खेळाच्या नव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकाप्रमाणेच होईल, असा हट्ट धरून बसला होता.

"पुढच्या महिन्यात येईल, आई."

"तुमचा पुढचा महिना काही उजाडत नाही! तो ड्रॅगन म्हातारा होऊन मरेल, नाहीतर मी!" तणतणत तिने चपला घातल्या आणि फिरायला निघून गेली.

मग माझाही पारा चढला. "पुस्तक कधीच आलंय. तुझ्या कपाटात पाहिलं मी. का छळतोयस तिला?"

तो हळूच म्हणाला, "ड्रॅगन मेला की खेळ संपला. बाबा गेल्यावर आई खोलीबाहेर यायला तयार नव्हत्या. आता निदान मला झापायला तरी रोज येतात."