अंगठीतलं पीठ

आई गेल्यावर वाट्याला आलेली हिऱ्यांची जुनी अंगठी थेल्मानं माझ्या सराफी दुकानाच्या काउंटरवर ठेवली. सोनं झिजलेलं, हातानं पैलू पाडलेले हिरे लहानमोठे. सोबत धाकटी बहीण ग्लेनिस होती.

“आई पावाचं पीठ मळतानाही ही काढायची नाही,” थेल्मा नाक मुरडत म्हणाली. “हिऱ्यांच्या मागे नुसतं पीठ बसलंय. लख्ख करून द्या.”

“थोडं जुनेपण राहू द्या की, बाई,” मी सुचवलं.

“अंगठी आता माझी आहे ना?”

मी सुईनं कोरून सगळं काढलं. थेल्मा बोट मिरवत बर्मिंगहॅमच्या उन्हात बाहेर पडली. ग्लेनिस मात्र काउंटरपाशीच रेंगाळली.



“तो मळ टाकूनच देणार असाल,” ती म्हणाली, “तर मला पुडीत बांधून द्या.”