पाटलांची जर्मन दुनळी

"ह्यात कुंकू कुणी भरलं?" मल्लिनाथनं बंदूक मधून दुमडली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"आमीच की," विजयमाला म्हणाली. "दर खंडेनवमीला. हळद, कुंकू, खोबरेल. वर नारळ."

"नारळ बंदुकीवर फोडताय?"

"शेजारी फोडतोय. पाणी उडतंय."

"जर्मन माणसानं डोळं फोडून घडवली, आन् तुमी तिला दरसाली आंघोळ घालताय!"

ती हसली नाही. वळसंगहून वडापच्या जीपमधून बंदूक चादरीत गुंडाळून ती एकटीच आली होती. लायसन्स आता तिच्या नावावर होतं. नवरा, हिंदुराव पाटील, गेल्या खंडेनवमीला ह्याच बंदुकीनं गेला. पूजा झाली की पाटलांच्या अंगणातून हवेत एक बार काढायची रीत, म्हणून बंदूक भरलेली होती. देवघरात पुसता पुसता उडाली, असं पंचनाम्यात होतं. पंचनामा एका पानाचा. मोठ्या घरातला माणूस कायम अपघातानंच मरतो. पोलिसांनी चहा घेतला, सह्या घेतल्या आणि बंदूक ठाण्याच्या कोपऱ्यात गंजत टाकली. ती परवा सुटली होती.

"अण्णा, मला दोन गोष्टी सांगा. ही कुठली, काय किमतीची. आन् ही आपोआप उडती का."

"दुसरं कशाला?"

"घरात दोन मतं हायत. एक म्हणतंय उडती, एक म्हणतंय उडत न्हाय."

मल्लिनाथ अक्कलकोट रोडच्या तोंडाशी बाप-आज्यापासून बंदुका दुरुस्त करत होता. भाऊबंदकीची गिऱ्हाइकं त्याला नवी नव्हती.

"घरात कोण कोण असतंय अक्का?"

"मी, पोरगी वैष्णवी, आन् धाकटा दीर, अभिमन्यू."

"बार उडाला तवा देवघरात कोण होतं?"

"पंचनाम्यात लिहिलंय की. मी सैपाकघरात. दीर अंगणात." पोरीचं नाव तिनं घेतलं नाही.

"आन् दिराचं तुमाला..."

"तुमी बंदुकीचं बघा. माणसांचं मी बघते."

त्यानं बंदूक मांडीवर घेतली. नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, पोटाकडची बाजू रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. काळ्या चिकट्याखालून आधी एक मुकुट वर आला. मुकुटाखाली एक इंग्रजी अक्षर. मग गावाचं नाव. मल्लिनाथनं भिंग लावलं आणि त्याचा आवाजच बदलला.

"सुल! जर्मनीतलं गाव हाय. आपल्याकडं घरोघरी माग, तसं तितं घरोघरी बंदुका. ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. ही वेलबुट्टी बघा, हातानं कोरलीय. हरणाच्या डोळ्यात बुबुळ बी हाय."

ती खरंच वाकून बघायला लागली. इतकी वर्षं घरात होती, पण हरीण तिनं पहिल्यांदाच बघितलं. कुंकवाखाली दिसणार कसं?

"पुण्याचा एखादा शौकीन हिला चारचाकीचा भाव देईल."

"विकायची न्हाय."

"मालकांचा लई जीव होता व्हय हिच्यावर?"

"हिच्यावर होता."

"आन् माणूस कसा होता?"

"लोकं चांगला म्हणत्यात."

मल्लिनाथनं दोन्ही चापांवरून बोट फिरवलं. "पुढचा चाप उजव्या नळीचा. चुकून लागला आसंल तर हाच. उजवीच उडाली आसंल."

"डावी."

हेही पंचनाम्यात असेल, असं मल्लिनाथला वाटलं. "चार दिवसांनी या," तो म्हणाला.

चार दिवसांनी ती आली तेव्हा बंदूक ओळखू येत नव्हती. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड तेल पिऊन तांबूस झालं होतं. नळ्यांच्या आतून पलीकडचा लिंब दिसत होता. आतलं यंत्र सुटं करून त्यानं पांढऱ्या टॉवेलवर मांडलं होतं. पलीकडच्या कारखान्यात मागांचा खडखडाट चालू होता, तरी तो हळू आवाजात बोलला.

"बसा अक्का. मला बी वाटलं होतं, कुंकवानं आतला आकडा जाम झाला आसंल, धक्क्यानं निसटला आसंल. तसं न्हाय. हे बघा. हा आकडा घोड्याला धरून ठेवतोय. हा निसटलाच तर हा दुसरा आडवा येतोय आन् घोड्याला मधीच अडवतोय. चाप दाबल्याबिगर दुसरा हलतच न्हाय. सगळं साफ करायच्या आधीच मी बघितलं. रिकामी बंदूक गादीवर आपटली, दस्त्यावर लाकडी हातोडा मारला. सुटली न्हाय. अशी बंदूक आपोआप उडत नसती. बोट लागतंय."

विजयमाला स्टुलावर बसली. पदर तोंडाला लावला. त्यानं तांब्या पुढं केला, पण तिनं तो नुसता हातात धरला.

"दुसरा कुणी तपासणारा वेगळं सांगंल?"

"ज्याला कळतंय तो हेच सांगंल."

"प्रयोगशाळेत बी?"

"तितं तर यंत्रं हायत अक्का."

ती टॉवेलवरच्या त्या बारक्या पोलादी तुकड्यांवर वाकली. मल्लिनाथचं रक्त तापलं. सख्ख्या भावानं भावाला मारायचं, आणि पंचनामा करणाऱ्यानं बशीतला चहा संपवून निघून जायचं! ह्या बाईनं एकटीनं हिंडून खरं शोधायचं!

"मी लिहून देतो," तो म्हणाला. "सही-शिक्क्यानिशी. साक्षीला बी येतो. भ्यायचं काम न्हाय. पोरीकडं बघा आन् छातीठोक उभं ऱ्हावा."

"पोरीकडं बघूनच तर आले." तिनं तांब्या खाली ठेवला आणि दुसऱ्या आकड्यावर बोट टेकवलं. "अण्णा, ह्याचं हे टोक घासलं, तर मग उडंल का आपोआप?"

"काय?"

"सोमवारी पोलीस हिला तपासायला नेणार हायत," विजयमाला म्हणाली. "दिरानं अर्ज दिलाय."