हिरव्या वेण्या

किनाऱ्याची वाळू समुद्र ओढून नेत होता, म्हणून पाणबुड्याने तळाशी प्लॅस्टिकचं गवत लावलं होतं. पाती सुटी डुलली तरच वाळू अडते. पण रोज सकाळी त्यांच्या तिपेडी वेण्या घातलेल्या सापडायच्या.

आज त्याचं डोकंच फिरलं. "तुझीच थेरं ना ही?" तो होडीतल्या मेव्हण्यावर खेकसला.

"दाजी, तुमची शप्पथ! मला धड पोहता तरी येतं का?"

"मग काय माशांनी घातल्या?"

कमरेला दोरी बांधून तो तणतणत खाली उतरला. मनातल्या मनात शिव्या हासडत त्याने एकूण एक वेणी सोडवली. मग वर ओढण्याची खूण म्हणून दोरीला हिसका दिला. दोरी हलेना.

झोपलं वाटतं गाढव! तो चरफडत मागे वळला.

मागे एक वेणी सावकाश घातली जात होती. दोन पेड हिरवे होते. तिसरा त्याच्या दोरीचा.