म्हाताऱ्याची तब्येत

"नाही म्हणजे नाही," साहेब म्हणाले. "जो भाग बिघडत नाही, त्याला हात लावायचा नाही. रोज रडणारा भाग दाखवा, आजच्या आज फोडायला देतो."

हा साहेबांचा ठोकताळा. पार्सल कंपनीच्या सगळ्या सॉफ्टवेअरची मांडणी ते अशाच चार ठोकताळ्यांवर करत आणि सहसा चुकत नसत.

समोर ताई उभी होती. सगळं ऑफिस तिला ताईच म्हणे. तिला म्हातारा फोडायचा होता. म्हातारा म्हणजे कुठलं पार्सल कुठल्या गाडीत चढवायचं ते ठरवणारा सगळ्यात जुना प्रोग्राम. साहेबांनी तरुणपणी स्वतः लिहिलेला. आता त्याच्या पोटातलं फक्त ताईला कळत होतं, म्हणून तिची बदली अडली होती. त्याचे सुटे तुकडे झाले असते तर चौघांनी मिळून सांभाळले असते आणि ती नवऱ्याच्या, लेकीच्या शहरात गेली असती. गेल्या सुट्टीत तिनं दारात पाऊल टाकलं आणि लेकीनं विचारलं, "आई, परत कधी जाणार?"

"साहेब, फार गुंता झालाय त्यात."

"असू दे. एकदा तरी बंद पडलाय? अहो, तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे तो!" साहेब हसले. पोराचं कौतुक सांगताना बाप हसतो तसे.

ताईनं तोंड उघडलं. ते हसू बघून तिला बोलवेना. नेहमीसारखंच.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली. हेही नेहमीचंच. दिवे लावले, खुर्चीत बसली, बोटं कीबोर्डवर ठेवली. मग उचलली आणि हात मांडीवर घट्ट धरून बसून राहिली.

माणसं येऊ लागली. कुणीतरी तिच्यापुढे चहा ठेवला. तो तसाच निवला. खाली गोदामातला पट्टा थांबला. पार्सलांचा ढीग पडला, गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, एकेक करून सगळे फोन वाजू लागले.

साहेब धावतच आले. "ताई, म्हातारा बंद पडलाय! इतक्या वर्षांत कधी नाही, आजच कसा बिघडला हो?"

"आजच नाही, साहेब," ताई म्हणाली. "रोज सकाळी बिघडतो. आज मी दुरुस्त केला नाही."