सदतीस अंश

प्रयोगशाळेच्या दोन खोल्यांमध्ये जमिनीवर आखलेल्या पिवळ्या रेषेपाशी येऊन ती थांबली. हातातल्या ट्रेमध्ये घट्ट बुचांच्या सहा चपट्या बाटल्या होत्या. मागच्या खोलीतला, पेशी उबेत ठेवणारा इनक्युबेटर बंद पडला होता. पुढच्या खोलीतला चालू होता आणि त्याचे दोन कप्पे रिकामे होते.

"मॅडम, रेष," तपासणी अधिकारी हळूच म्हणाले.

पुढची खोली सरकारी अनुदानाची, मागची एका विश्वस्त निधीची. विधिमंडळात ठराव झाला तेव्हापासून, ठरावीक तारखेनंतर तयार केलेल्या मूलपेशींना सरकारी पैशाची एकही वस्तू लागता कामा नये, असा नियम होता. म्हणून सूक्ष्मदर्शक दोन, फ्रिज दोन, केरसुण्यासुद्धा दोन. नियम मोडला तर अनुदान बंद. म्हणजे पुढच्या खोलीत माना खाली घालून बसलेल्या नऊ जणांचे कामही बंद.

"दोन तासांत मरतील या," ती म्हणाली. "डोळ्याचा पडदा पुन्हा वाढवू शकतील अशा एवढ्याच पेशी आहेत आमच्याकडे. गोठवून ठेवणं अजून जमलेलं नाही. सहा वर्षं गेलीत."

"अर्ज द्या. मी आजच वर पाठवतो."

"आणि उत्तर?"

"तीस दिवसांत." अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "मंत्रीसाहेब तुमच्याच बाजूचे आहेत, मॅडम. खासगीत."

"खासगीत सगळेच आमच्या बाजूचे असतात."

यंत्र दुरुस्त करणारा सहापर्यंत येणार होता. आत्ता अकरा वाजत होते. गरम पाण्यात बाटल्या ठेवण्याचा विचार तिने बोलून दाखवला, तेव्हा प्रयोगशाळेचे जुने परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते पुढे आले.

"पाण्याचा काय भरवसा? कधी कडक, कधी गार. माणसाचं अंग तेवढं बरोबर सदतीस." त्यांनी शर्टाची वरची बटणे काढली, एकेक बाटली बनियनच्या आत सरकवली, पट्टा आवळला आणि वरून हाताची घडी घातली. "घ्या. मला कुणी सरकारी अनुदानातून विकत घेतलेलं नाही."

पुढच्या खोलीत कुणीतरी हसले.

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी नोंदवहीची दोन पाने उलटली. "मामा, दहा ते सहा तुमचा पगार सरकारी आहे. मागच्या खोलीचं काम सहानंतरचं."

"पगार माझ्या हातांचा ना? पोटाचा कसा असेल?"

"तसा भेद नियमात केलेला नाही." त्यांचा आवाज खरोखरच ओशाळलेला होता. "मॅडम आत्ता मागच्या खोलीत जाऊन आल्या, ती मी चहाची सुट्टी धरली. याला काय धरू, सांगा."

मग मामा म्हणाले, "रजा धरा."

अर्ज तिनेच लिहिला. कारणाच्या रकान्यापाशी ती अडली. "घरगुती लिहा," मामांनी सांगितले आणि एक हात जरासा मोकळा करून सही केली. तिने मंजुरीची सही केली. अधिकाऱ्यांनी कागद वाचला, फाईलला लावला आणि मान खाली घालून म्हणाले, "रजेवरच्या माणसाला कामाच्या वेळेत आवारात थांबता येत नाही."

मामांनी कोट अंगावर घेतला आणि ते जपून पावले टाकीत जिना उतरले. तिला त्यांच्याबरोबर जाता येणार नव्हते. तपासणी संपेपर्यंत प्रमुखाने जागा सोडायची नाही, हेही लेखी होते.

ती खिडकीपाशी गेली. फाटकासमोरच्या बसथांब्यावर, बाकाच्या उन्हातल्या टोकाला मामा बसले होते. पोटावर दोन्ही हात, पाठ ताठ.

"पुढचं रजिस्टर, मॅडम," मागून आवाज आला.

"हो, आले."

खाली बस येऊन थांबली. दार उघडले. थांब्यावरची बाकीची माणसे चढली. चालकाने वाकून मामांकडे पाहिले आणि हाताने विचारले, येताय का? मामांनी नकारार्थी मान हलवली. चालकाने पुन्हा विचारले. मामांनी पुन्हा मान हलवली आणि पोटावरचे हात अधिकच घट्ट धरले.