दोन टक्क्यांचं गोत्र

उर्वीचे वडील शार्दूलचं घर पाहायला आले आणि सोफा करकरला. प्रयोगशाळेने साठ वर्षांपूर्वी जुन्या हाडांवरून पुन्हा जन्माला घातलेल्या निअँडरथलांच्या पहिल्या तुकडीतले ते.

"मुलगी गुणी आहे," शार्दूलचे बाबा म्हणाले, "पण वंशच वेगळा. आमच्यात बाहेरचं रक्त कधी आलेलं नाही."

पाहुण्यांनी जाड भुवया उंचावल्या. "तुमचा जनुक-अहवाल पाहिला मी. दोन टक्के आमचंच आहे. रोगांशी लढायची तुमची ताकदसुद्धा काही आमच्याकडूनच आलीय. पन्नास हजार वर्षांपूर्वी सोयरीक झाली होती आपली."

शार्दूलला हायसं वाटलं. आता कसली अडचण?

बाबांनी चष्मा पुसला. "म्हणजे आपण सगोत्र! मग तर हे लग्न मुळीच नाही."



आईने पोह्यांचं पातेलं टेबलावर आदळलं. "सकाळपासून परके म्हणून नको, आता घरचे म्हणून नको! तेव्हा कुणी गोत्र विचारत बसलं असतं, तर तुमचं खानदान पहिल्याच साथीत आटोपलं असतं." तिने बाबांच्या हातात डाव दिला. "व्याह्यांना पोहे वाढा."

बाबांनी निमूटपणे वाढले.